सरकत्या दाराचे रसग्रहण

समीक्षा फक्त पुस्तकांची आणि नाटकांची करायची असते, असा आपल्याकडे एक समज आहे. अलीकडे तो थोडा सैल झाला आहे. मिसळीची समीक्षा येते, क्रिकेटच्या खेळपट्टीची येते, लग्नाच्या जेवणाची तर पंगत उठायच्या आत येते. पण कुणी एखाद्याच्या पडवीची, गोठ्याची किंवा माळ्याची समीक्षा केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक कवितासंग्रह काढून माणूस जेवढा उघडा पडतो, त्याच्या दसपट तो स्वतःच्या हाताने चार भिंती उभ्या केल्यावर पडतो. कवितेची एखादी ओळ कलली तर तिला मुक्तछंद म्हणता येतं. भिंत कलली तर ओळंबा धरणारा माणूस तसं म्हणू देत नाही.

म्हणून आज मी एका वर्कशॉपचं रसग्रहण करणार आहे. तुमचा अधिकार काय, असं कुणी विचारील. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि गेली बावीस वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. कर्जाच्या अर्जात 'कारण' या रकान्यात माणूस काय लिहितो आणि पैसे खरोखर कशावर घालतो, यातलं अंतर ओळखणं हा माझा रोजचा उद्योग. समीक्षक याहून वेगळं काही करतात असं मला वाटत नाही. ते फक्त रकान्याला 'रूपबंध' म्हणतात.

प्रस्तुत कलाकृती अमेरिकेत आहे. मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस शहराच्या बाहेर, माझ्या एका शाळूसोबत्याच्या परसात. लांबी २४ फूट, रुंदी १६ फूट. विषय : सुतारकाम. वैशिष्ट्य : भिंतींत थंडी रोखणारी काचेची लोकर, आणि दर्शनी बाजूला धान्याच्या कोठाराला असतात तशी दोन सरकती दारं. कर्ता : साताऱ्याच्या शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा, सध्या तिकडे एका कारखान्यात इंजिनियर. २०२२ च्या उन्हाळ्यात पाया खणला. २०२३ च्या उन्हाळ्यात मी सगळी शिल्लक रजा काढून महिनाभर तिकडे गेलो, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीचं काम चालू होतं. या प्रकारात पहिली आवृत्ती कधी पुरी होत नाही आणि दुसरी तिची वाट पाहत नाही.

हा तिकडचा मोठा मानाचा प्रकार आहे. आपल्याकडे लघुनिबंध होता तसा. त्याचा आद्य लेखक म्हणून थोरोला धरायला हरकत नाही. त्याने १८४५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याच्या काठी १० बाय १५ फुटांची खोली बांधली आणि १८५४ मध्ये पुस्तक काढलं तेव्हा तिचा जमाखर्च छापून टाकला. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. तत्त्वज्ञान मला बेताचंच कळतं, पण अर्ध्या सेंटपर्यंत हिशेब देणारा तत्त्वज्ञ पाहून मला अगदी भरून आलं. एका आयरिश मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला घेऊन तिच्या फळ्या वापरल्या, तेही त्याने लपवलेलं नाही. थंडीसाठी आतून गिलावा केला, त्यात मिसळायच्या केसांचे ३१ सेंटसुद्धा वेगळे दाखवले आहेत, आणि केस गरजेपेक्षा जास्त आणले गेले असा शेराही मारला आहे. हिशेबात घेतली नाही ती स्वतःची मजुरी. तेव्हापासून या प्रकारातल्या कुठल्याही लेखकाने ती घेतलेली मला दिसली नाही. घेतली तर एकही वर्कशॉप उभं राहणार नाही.

दुसरं मोठं नाव नॉर्म एब्रम यांचं. 'द न्यू यँकी वर्कशॉप' ही त्यांची मालिका तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर १९८९ ते २००९ अशी वीस वर्षं चालली. चौकड्यांचा शर्ट, दाढी, आणि सुरुवातीला डोळ्यांवर संरक्षक चष्मा घाला असं सांगणं. आपल्या कीर्तनात नमन असतं तसं. पुढच्या अर्ध्या तासात घाम न येता एक कपाट तयार. माझ्या मित्राने याचे सगळे जुने भाग पाहिले आहेत. त्याच्याच सांगण्यावरून मीही सात-आठ पाहिले आणि माझं मत असं झालं, की या मालिकेने लोकांना कपाटं करायला शिकवलं नाही, कपाट करण्यासाठी आधी केवढी जागा लागते ते शिकवलं. बुवांचं कीर्तन ऐकून लोक देवळात जाण्याऐवजी देऊळच बांधायला निघाले, तसा प्रकार.

असो. आता प्रत्यक्ष कलाकृतीकडे वळू.

समीक्षकाने आधी गुण सांगावेत, म्हणजे पुढचं ऐकून घेतलं जातं. या वर्कशॉपच्या भिंती उत्कृष्ट आहेत. तिकडे घराची भिंत म्हणजे लाकडाचा सांगाडा. मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच अंतर ठेवून उभ्या पट्ट्या ठोकत जायचं. आमच्या मित्राने या पट्ट्या 'दोन बाय सहा'च्या घेतल्या. मी सवयीने टेप लावला. दीड बाय साडेपाच!

"अरे, तुला फसवलं," मी म्हटलं.

"नाही रे. दोन बाय सहा म्हणजे दीड बाय साडेपाचच. कापताना दोन बाय सहा असतं. मग सुकतं, मग रंधून निघतं."

"आणि पैसे?"

"पैसे पट्टीचे. इंचाचे कोण मोजतो?"

म्हणजे बारा चौरस इंचांच्या नावाखाली सव्वाआठ. शंभरातले जेमतेम एकोणसत्तर. हे सगळ्या देशाला ठाऊक आहे, नियमाला मान्य आहे आणि एकाचीही तक्रार नाही. उद्या मी काउंटरवर शंभर रुपये म्हणून एकोणसत्तर सरकवले आणि 'बाकीचे रंधून गेले' असं सांगितलं, तर काचेच्या पलीकडून काय सरकून येईल याची कल्पना करा.

पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत काचेची लोकर भरतात. रंग गुलाबी. या गुलाबी रंगाचीही गंमत आहे. ओवेन्स कॉर्निंग या कंपनीने हा रंगच आपला व्यापारचिन्ह म्हणून मागितला. प्रकरण वरच्या कोर्टात गेलं, १९८५ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि १९८७ मध्ये रंगाची नोंद झाली. एकटा एक रंग कुणाच्या तरी नावावर लागण्याची त्या देशातली ही पहिली वेळ. लग्नपत्रिका छापणारे आपले लोक तिकडे नाहीत हे त्या कंपनीचं नशीब.

ही लोकर स्वतः काही करत नाही. तिचं काम एवढंच, की हवेला जागचं हलू द्यायचं नाही. हवा स्थिर राहिली की उष्णता सहजासहजी पलीकडे जात नाही. ही रोखण्याची ताकद ते 'आर' या अक्षराने मोजतात. साडेपाच इंची पोकळीत जी लोकर बसते तिच्यावर 'आर १९' छापलेलं असतं. आकडा जितका मोठा तितकी ऊब जास्त. पण लोकर दाबली की आतली हवा निघून जाते आणि आर उतरतो. मला भरायला बसवलं होतं. पोत्यात जागा करायची आपली सवय! पहिल्याच खणात मी जरा जोर लावला, तेवढ्यात मागून आवाज आला, "दाबू नकोस! दाबलीस की आर गेला." साताऱ्यात आमच्या दारावर पिंजारी यायचा. तो धनुकलीची तार छेडत कापूस पिंजायचा, तेव्हा तो कापसात दुसरं काय भरत होता? हवाच. पण त्याने पोत्यावर 'आर' छापला नाही, म्हणून गादीमागे मजुरीचे चार रुपये जास्त मागितले की आमची आजी त्याच्याशी भांडायची.

त्या लोकरीने अंगाला जी खाज सुटते तिच्याविषयी मी लिहीत नाही. समीक्षकाने वैयक्तिक होऊ नये.

लोकरीवर आतल्या बाजूने प्लास्टिकचा कागद ताणतात. हा कागद मला सगळ्यांत आवडला. थंड मुलखात आतली हवा उबदार आणि दमट असते. ती फटीफटीतून भिंतीत शिरली, की बाहेरच्या गार फळीवर तिचं पाणी होतं, आणि मग भिंत आतून कुजते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून दमट हवेला उबेच्या बाजूलाच अडवायचं. आमच्या शाखेत काही खाती अशी आतून कुजतात. त्यांनाही वेळीच आतल्या बाजूने कागद लावायला हवा होता.

हा सगळा खटाटोप माणसाला थंडी वाजते म्हणून, असं मला वाटलं होतं. मित्र म्हणाला, माणूस दोन कोट घालील. खरी पंचाईत सरसाची आणि लोखंडाची. लाकडाचा नेहमीचा पांढरा डिंक साधारण दहा अंश सेल्सिअसच्या खाली धड धरत नाही. आणि गारठलेल्या यंत्राच्या बिडाच्या पाटावर एकदम गरम हवा सोडली तर त्याला घाम फुटतो आणि दुसऱ्या दिवशी गंज. म्हणून खोली सदैव कोमट ठेवायची. मिनेसोटात उणे वीस हा हिवाळ्याचा नेहमीचा पाहुणा. तिथल्या टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे एक्कावन्न अंशांवर गेला होता. जमीनसुद्धा गोठून फुगते, त्यामुळे मिनिआपोलिसच्या बाजूला पाया ४२ इंच खोल न्यावा लागतो आणि राज्याच्या उत्तरेला ६० इंच. आमच्याकडे एवढं खणलं की लोक विचारतात, विहीर का?

भिंत झाकण्याआधी एक सरकारी तपासनीस येऊन पाहून जातो. त्याने सही केल्याशिवाय आतली फळी मारायची नाही. मी ऑडिटच्या सवयीने चहा-बिस्किटांची व्यवस्था सुचवली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, असलं काही करू नका. लाच समजतील." तपासनीस आला, बॅटरी मारून एकेक खण बघितला आणि पाण्याचा पेलाही न घेता गेला. असल्या ऑडिटमध्ये राम नाही, पण भिंती मात्र उत्तम होतात. मी भिंतींना दहापैकी नऊ गुण देतो. एक गुण त्या दीड बाय साडेपाचपायी कापला.

आणि आता ते दार.

इतकी राखलेली, कागदाने गुंडाळलेली, सरकारने बॅटरी मारून पाहिलेली भिंत दर्शनी बाजूला मधोमध आठ फूट रुंद आणि सात फूट उंच कापून टाकली आहे. त्या भगदाडापुढे वर एक लोखंडी रूळ आणि त्यावर चाकांनी लटकलेल्या दोन झापा. एक डावीकडे सरकते, एक उजवीकडे. दिसायला देखणी! मित्राने त्या स्वतः केल्या. मध्ये दोन इंची फेसाचा पत्रा घातला, त्याचा आर साधारण दहा. वर उभ्या फळ्या, त्यावर तिरका आडणा, तांबडा रंग. लाकूडकामाला मी नाव ठेवणार नाही. नाव ठेवायचं ते कल्पनेला.

सरकतं दार हे कोठाराचं दार आहे, आणि ते तिथे का आलं याला कारणं आहेत. वैरणीने भरलेली गाडी सरळ आत घ्यायची म्हणून रुंद. एवढं रुंद दार बिजागरीवर लावलं तर माळरानावरचा वारा ते शिडासारखं धरून उपटील, आणि बाहेर दोन फूट बर्फ साचलं तर ते उघडणारच नाही. म्हणून लटकवलं आणि सरकवलं. पावसाळ्यात आपल्याकडे दारं फुगून चौकटीत अडकतात, तशी भानगड याला नाही, कारण ते चौकटीत बसतच नाही. भिंतीच्या बाहेरून नुसतं लोंबतं. फटी राहतात. पण कोठाराला फटी हव्याच असतात! ओली वैरण कोंडली की आतून तापते आणि कधीकधी आपोआप पेट घेते. वारा खेळता राहिला पाहिजे. म्हणजे ज्या दाराची सगळी शहाणीव वारा खेळता ठेवण्यात आहे, ते दार आमच्या मित्राने वारा कोंडण्यासाठी बांधलेल्या खोलीला लावलं. समीक्षेच्या भाषेत याला 'आशय आणि अभिव्यक्ती यांतला अंतर्विरोध' म्हणतात. बँकेच्या भाषेत 'टॅली होत नाही' म्हणतात.

मी कागद घेतला. आठ बाय सातच्या भोकाचा परीघ तीस फूट. दोन झापा मध्ये भेटतात तिथे आणखी सात. एकूण सदतीस फूट. सगळीकडे अर्धा इंच फट धरली तर दोनशे बावीस चौरस इंच. म्हणजे सव्वा फूट लांब, सव्वा फूट रुंद अशी एक खिडकी, उणे वीसमध्ये, रात्रंदिवस सताड उघडी. बाकी सगळ्या भिंतींत आर एकोणीस.

मित्राने कागद पाहिला. शाळेत गणितात त्याला माझ्यापेक्षा नेहमी जास्त मार्क पडायचे, त्यामुळे त्याला तपासायला वेळ लागला नाही.

"मी कडांना ब्रश लावणारेय," तो म्हणाला. "खाली रबर. आणि शेवटच्या चार इंचांत दार आत दाबलं जाईल अशी पाचर."

"किती वाचेल?"

"निम्मं. कदाचित जास्त."

"बिजागरीची दारं लावली असतीस तर? रबरावर घट्ट बसली असती. नाहीतर ते मोटारीच्या गॅरेजला असतं तसं वर जाणारं."

त्यावर तो काही बोलला नाही. हातातल्या पटाशीला धार होती की नाही ते अंगठ्याने बघत राहिला.

दुसरा आक्षेप जागेचा. सरकणाऱ्या दाराला सरकायला तेवढीच भिंत लागते. आठ फुटांच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट, म्हणजे सोळा फुटांची दर्शनी भिंत शिलकीसह संपली. बाहेरच्या अंगाला दिवा लावता येत नाही, खुंटी ठोकता येत नाही, शिडी टेकवता येत नाही. एका दाराने आख्खी भिंत खाल्ली. आमच्या चाळीत असं दार असतं तर शेजाऱ्याच्या खोलीपर्यंत गेलं असतं.

हे दार सध्या तिकडे फॅशनीतही आहे, हे मला माहीत आहे. २०१३ ते २०१८ या काळात टेक्सासमधल्या वेको गावची जुनी घरं नवी करून दाखवणारी 'फिक्सर अप्पर' ही मालिका खूप चालली, आणि कोठाराची दारं कोठारातून निघून लोकांच्या बैठकीत, माजघरात आणि मोरीत शिरली. मोरीला लटकतं दार! आत गेलेल्या माणसाने खोकायचं की गायचं, हे त्या दिग्दर्शकांनी सांगितलेलं नाही. पण आमच्या मित्राने हे फॅशन म्हणून केलं, असा आरोप मी करणार नाही. त्याचे शर्ट मी पाहिले आहेत.

मग का केलं? आता मला 'कारण' या रकान्याकडे यावं लागतं.

पालिकेच्या परवान्याच्या अर्जात त्याने 'छंद' असं लिहिलं आहे. मी तो अर्ज पाहिला. पण मी साताऱ्याचा आहे. मला त्याच्या वडिलांचं दुकान आठवतं. सगळी पेठ त्यांना मिस्त्री म्हणायची. दुकान दहा फूट रुंदीचं, आणि दर्शनी बाजूला भिंतच नव्हती. फळ्या होत्या. एक ते बारा आकडे घातलेल्या. मिस्त्री सकाळी एकेक फळी खाचेतून काढून आत कोपऱ्यात उभी करायचे आणि संध्याकाळी आकड्यांच्या क्रमाने परत लावायचे. सातवी आणि आठवी एकमेकींच्या जागी बसायची नाही, हे शाळेतून येताना आम्ही करून पाहिलेलं आहे. फळ्या निघाल्या की दुकान म्हणजे रस्ताच. मिस्त्री रंधा मारायचे आणि ढलप्या उडून गटारात पडायच्या. उंबऱ्यावर पोस्टमन टेकायचा, आमचे ड्रॉइंगचे सर टेकायचे. कुणाचं पाटाचं पाऊल डुगडुगतंय, कुणाच्या पाळण्याचा खांब निघालाय, कुणाचं काहीच नाही, नुसतं बोलायचंय. मिस्त्री मान वर न करता सगळ्यांशी बोलायचे. पेठेतली निम्मी लग्नं तिथे जमली, असं आमची आजी सांगायची. ती बाकीच्या निम्म्यांबद्दलही सांगायची, पण ते इथे नको.

त्या दुकानात एकाच माणसाला हत्याराला हात लावायला बंदी होती. मिस्त्रींच्या मुलाला. "हात वहीला लाव, वाकसाला नको," असं ते त्याला म्हणायचे. तो दुकानात आला की त्याला उंबऱ्याबाहेर बसवायचे आणि पाढे म्हणायला लावायचे. वाकसाच्या ठोक्यावर एकोणतीसचा पाढा म्हणणारा हा एकच मुलगा मी पाहिला. तो इंजिनियर झाला, अमेरिकेला गेला. मिस्त्री गेल्यावर दुकान भाड्याने दिलं. फळ्या काढून लोखंडी शटर बसलं. आत आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

हे मी त्याला तिकडे बोलून दाखवलं नाही. पण महिनाभर मी समीक्षकाच्या नजरेने बघत होतो. वर्कशॉपला बाजूच्या भिंतीत एक साधं, बिजागरीचं, रबरावर घट्ट बसणारं दार आहे. माणसाला जायला-यायला तेच सोयीचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी मित्र त्या दाराने आत जायचा, आणि आत गेल्यावर आधी काय करायचा, तर दोन्ही झापा पार टोकापर्यंत सरकवायचा. डावी आधी, मग उजवी. कामाचं बाक भिंतीला लावायची तिकडे पद्धत आहे. नॉर्म एब्रमच्या चेल्यांची बाकं अशीच भिंतीला, वर ओळीने हत्यारं. याचं बाक दारापासून तीन फुटांवर, तोंड बाहेर. नऊ गुणांच्या भिंतीकडे याची कायम पाठ.

आणि बाहेर काय? हिरवळ. पलीकडे शेजाऱ्याची हिरवळ. त्यापलीकडे रस्ता, ज्यावरून फक्त मोटारी जातात आणि एखादा कुत्रा, त्याला धरलेल्या माणसासकट. मी मोजणारा माणूस. त्या महिन्यात त्या आठ फुटी दारापाशी काम सोडून बोलायला थांबलेली माणसं, मला आणि वहिनींना वगळून, दोन. एक तो तपासनीस, तोही कामालाच आलेला. दुसरा शेजारचा म्हातारा. तो लांबूनच हात करून दार चांगलं झालंय असं म्हणाला आणि गेला. त्याच्याकडे डुगडुगणारी खुर्ची असणार. त्या वयाच्या माणसाकडे असतेच. पण खुर्ची उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवण्याची तिकडे रीत नाही. नवीन आणतात.

मी मात्र उंबऱ्यावर बसायचो. उंबरा नव्हता, सिमेंटची कड होती. तिथे बसून मी त्याला शाखेतल्या गमती सांगायचो, आणि तो रंधा मारत, मान वर न करता, "मग?" म्हणायचा. यंत्राचा रंधा होता घरात, हजार डॉलरचा. मी बसलेला असलो की तो हाताचाच वापरायचा.

तेव्हा माझा निर्णय असा. वर्कशॉप म्हणून ही कलाकृती सदोष आहे. दाराला दहापैकी तीन. ब्रश आणि रबर लावल्यावर चार. ज्याला ऊब हवी त्याने असलं दार लावू नये. दोन झापा बिजागरीवर बाहेर उघडणाऱ्या कराव्यात, कडेला रबर दाबून बसवावं आणि बर्फ खोऱ्याने ओढावं. हे मी त्याला लेखी दिलं आहे. त्याने ते वाचलं आणि घडी करून हत्यारांच्या खणात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या कागदाच्या मागच्या बाजूला त्याने स्टुलाचं माप काढलेलं मी पाहिलं. तीन पायांचं, बुटकं, बाहेर ठेवायचं. एक नव्हे, चार.

त्याच वर्षी पहिलं बर्फ पडलं तेव्हा वहिनींचा फोन आला. ब्रश लावला, रबर लावलं, पाचर बसवली, तरी दाराशी उभं राहिलं की पायांत वारा लागतो. मग मित्राने त्याच्या आईची जुनी गोधडी काढून आतून दाराला टांगली. नऊवारी लुगड्यांच्या सात थरांची. वारा बराच कमी झाला. होणारच, सात थरांच्या मध्ये हवा आहे आणि ती दाबलेली नाही.

"पण भाऊजी, भुसा बसला हो सगळा तिच्यावर," वहिनी म्हणाल्या. "सासूबाईंची शेवटची गोधडी ती. मी काढून धुऊन ठेवलीये. तुम्ही तिकडनं करून पाठवा दुसरी."

मागून मित्र ओरडला, "आर विचार रे किती पडतो!"

आमच्या पेठेत एक बाई अजून हाताने गोधड्या शिवतात. मी जुनी लुगडी घेऊन गेलो आणि कागदावर लिहून आणलेलं माप त्यांच्यापुढे ठेवलं. साडेआठ फूट बाय साडेसात. त्यांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "एवढा पलंग कुणाचा?"